एन्सुआनोच्या फाटकावरची पाटी

१

शुक्रवारी उजाडता उजाडता एन्सुआनोच्या प्रार्थनाघराच्या फाटकावर एक पाटी लागलेली दिसली, आणि दुपार व्हायच्या आत एसुऑन आजीनं जन्मभर सांभाळलेलं नाव मातीत गेलं.

माशांच्या खोक्याची फळी होती. तिच्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं: ‘दुष्टात्मा काढणे, दोन हजार सेडी. आजाऱ्यासाठी प्रार्थना, एक हजार सेडी. पैसे आधी.’

शुक्रवार हा आजीच्या प्रार्थनेचा दिवस. सॉल्टपाँडच्या पलीकडच्या खेड्यांतूनही माणसं यायची. कोणाची सून बोलेनाशी झालेली असायची, कोणाला रात्री छातीवर काहीतरी येऊन बसायचं, कोणाच्या अंगात नवऱ्याची मेलेली पहिली बायको बडबडायची. आजी सगळ्यांना अंगणात बसवायची, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तांब्यातलं पाणी शिंपडायची. त्यासाठी पैसा नाही, कोंबडी नाही, साधं अंडंसुद्धा तिनं कधी घेतलं नव्हतं.

त्या दिवशी आलेली माणसं फाटकाशीच थबकली. "म्हातारीलाही हाव सुटली म्हणायची शेवटी," एक मच्छीवाली म्हणाली आणि थुंकून परत फिरली. एक बाई फेफऱ्याच्या मुलीला पाठुंगळी बांधून कुठून तरी लांबून आली होती. तिला वाचता येत नव्हतं. कोणीतरी पाटी वाचून दाखवली, तशी तिनं मुलीला पाठीवर नीट सावरलं आणि डोळे पुसत चालू लागली.

आत अंगणात आजी वाट बघत बसली होती. दुपारी तिनं विचारलं, "आज समुद्रावर काही झालंय का रे? माणूस कसं नाही एकही?"

तरुण पाळक जोएल अमिसा यानं पाटी उपटून तिच्यापुढे आणून ठेवली. आजीनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"माझ्या नावानं?" ती एवढंच म्हणाली.

तोवर कोणीतरी पाटीचा फोटो काढून केप कोस्टला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मुख्य कचेरीत पाठवला होता. मंडळीचा नियम कडक होता. प्रार्थनेचे पैसे घेणाऱ्याच्या दाराला कुलूप. रविवारी पंच कुलूप घेऊनच येणार होते.

२

चौकशीला शनिवारी केझिया बेंत्सिल आली. पोलिसातली निवृत्त इन्स्पेक्टर, आता मंडळीची पंच. भुताखेतांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. माणसांनी केलेलं निस्तरता निस्तरताच नोकरी संपली होती, भुतांपर्यंत पोचायला वेळ कुठला मिळायला!

पण एसुऑन आजीचं तिच्यावर न फिटणारं ऋण होतं. केझियाची धाकटी बहीण मर्सी हिचं तान्हं मूल गेलं आणि तिची वाचाच गेली. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी आईनं तिला इथे आणून सोडलं. आजीनं भूत काढलं की काय केलं, केझियाला कधी कळलं नाही. ती मर्सीशेजारी बसून रोज मासे साफ करायची, एवढंच केझियानं पाहिलं होतं. एके दिवशी मर्सी म्हणाली, "आजी, खवले नीट निघाले नाहीत." आज ती ताकोराडीला कापडाचं दुकान चालवते आणि तिच्या तोंडाला खळ म्हणून नसते.

फाटकाशी बदामाच्या सावलीत एवुरामा बसली होती. केंके विकणारी. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केळीच्या पानांत उकडलेले तिचे गोळे आणि तळलेली मासळी खाल्ल्याशिवाय शुक्रवारचं कोणी परत जात नसे. नवरा समुद्रात बुडाल्यावर ती वेडीपिशी होऊन इथे आली होती, ती इथलीच झाली. आजीचं पाणी, धुणं, जेवण सगळं तीच बघायची.

"कोणाचं काम असेल गं?" केझियानं विचारलं.

"आता ताई, पोलीस तू का मी?" एवुरामानं माशी हाकलली. "सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं झालं ते बघ की. शुक्रवारची गर्दी माझ्या टोपलीवर जेवते. गर्दी नाही तर मी विकू कोणाला? समुद्राला?"

ते खरंच होतं. केझियानं तिचं नाव मनातून खोडून टाकलं आणि ती आत गेली.

आजी खाटेच्या कडेला बसली होती. पाठीशी उशांचा ढीग, पायांवर लुगड्यासारखं कापड ओढलेलं. समोर ताटात जेवण तसंच होतं. एरवी केझिया आली की आजी फाटकापर्यंत सामोरी यायची. आज उठलीही नाही.

"मी पैसे... घेतले... असं वाटतं त्यांना?" तिला शब्दाशब्दाला थांबावं लागत होतं. धक्काच तसा बसला असणार, असं केझियाला वाटलं.

"मला नाही वाटत, आजी. पण कोणाशी वैर?"

"माझं काय आहे वैर धरण्यासारखं? देतो तो देतो. मी नुसता... तांब्या धरते." तिनं केझियाचा हात घट्ट पकडला. "उद्या कुलूप लावायचं तर लावू दे त्यांना. पण ती फेफऱ्याची पोर आली होती म्हणतात. ती कुठे गेली ते आधी शोध, पोरी."

३

जोएल अमिसा शिडीवर चढून प्रार्थनाघराचा फुटका पत्रा ठोकत होता. आठवडाभर तो गावच्या शाळेत शिकवायचा, शुक्रवारी आणि रविवारी इथे पाळक असायचा. मागच्याच बैठकीत त्यानं पंचांपुढे उभं राहून सांगितलं होतं की प्रार्थनेला फी लावायला हवी. त्यामुळे गावानं निकाल देऊन टाकला होता.

"या मॅडम," तो वरूनच म्हणाला. "बेड्या आणल्यात का?"

"खाली उतर आधी. पडलास तर तुझ्यासाठी प्रार्थना कोण करणार?"

तो उतरला, हात झटकले. "पाटी मी लावली नाही. पण फी हवी, हे आजही म्हणतो. दवाखान्यात केसपेपरचे पैसे देतात तेव्हा कोणाचा धर्म बुडत नाही. हा पत्रा कोणाच्या पैशाचा? माझ्या. आजीच्या पोटाला कोण घालतं? एवुरामा. फुकट फुकट म्हणतात, मॅडम, पण फुकट काही नसतं. कोणीतरी दुसरा भरत असतो, आणि तो कोण हे बघायला कोणाला सवड नसते."

केझियानं विचारलं, "आणि ज्याच्यापाशी नाहीच तो?"

"त्याला माफ."

"ठरवणार कोण? तू? दारात उभा राहून फाटका सदरा आहे का बघणार?"

जोएलनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तेवढं मलाही जमत नाही बघा. म्हणून तर भांडतो, कोणीतरी उत्तर द्यावं म्हणून. पण भांडतो ते समोरासमोर. पाटी लिहिली असती तर खाली सही ठोकली असती. आणि दोन हजार? मी बैठकीत दहा सेडी म्हटलं होतं, तेव्हा अंगावर आला होतात सगळे!"

"काल आणखी काही विचित्र दिसलं?"

"सगळंच. आक्राहून एकजण मोटार घेऊन आला. नोटा हातात, बायको गाडीत रडतेय. पैसे कोणाकडे भरू म्हणून मला विचारतो! मी म्हटलं, मला काय ठाऊक. तो फाटकाकडे गेला आणि मग गाडी वळून गेलेलीच दिसली. पैसे घेणारा कोणी भेटलाच नाही त्याला." जोएलनं कपाळ पुसलं. "आणि त्यात दिवसभर उपाशी. काळं कुत्रं फिरकलं नाही, तरी सकाळीच केंके संपलेलं! नशीबच फुटकं, दुसरं काय."

केझिया हसली. त्या वेळी तिला त्यात हसण्याव्यतिरिक्त काही दिसलं नाही.

"ती फेफऱ्याच्या मुलीची आई कुठे गेली?"

जोएलचा चेहरा उतरला. त्यानं खाडीपलीकडे बोट केलं. तिकडे माडांच्या वर पांढरी निशाणं फडफडत होती. "संदेष्टा रूबेनकडे," तो म्हणाला.

४

रूबेनच्या आवारात भिंतीवर दर सुबक अक्षरांत रंगवले होते. शाप उतरवणे, व्हिसा मिळणे, दुष्टात्मा काढणे, मूल होणे. प्रत्येक दराखाली पैसे पाठवायचा फोन नंबर होता.

पांढरा झगा घातलेला रूबेन खुर्चीतून उठून सामोरा आला. "इन्स्पेक्टरबाई! म्हातारीची पाटी मीच लावली म्हणून आलात ना? बसा, थंड काही घ्या."

"लावलीस का?"

"अहो, माझे दर बघा. भूत पाचशेला काढतो मी. तिच्या पाटीवर दोन हजार! मला लावायची असती तर लोकांना खरी वाटेल अशी लावली असती." तो मोकळेपणानं हसला. "आणि खाली नंबर नाही, नाव नाही, पैसे कुठे द्यायचे त्याचा पत्ता नाही. ज्यानं लिहिली त्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही, एवढं माझ्याकडून लिहून घ्या."

केझियानं ते मनात नोंदवलं. माणूस लबाड होता, पण लबाडीतला जाणकार होता.

तेवढ्यात शेडमधून बारीक रडणं ऐकू आलं. ती न विचारता तिकडे वळली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी खांबाशी बसली होती. पायाला दोरी. शेजारी आई, कानात नुसती भोकं, डूल गेलेले.

"उपास चाललाय तिचा," रूबेन मागून म्हणाला. "भूत उपाशी मेलं की निघतं. आणि अर्धे पैसे बाकी आहेत, तेव्हा..."

केझिया खाली बसून दोरीची गाठ सोडू लागली. "बाकीचे मी भरते. पावती फाड. लहान पोरीला खांबाला बांधल्याचे, असं स्वच्छ लिही तिच्यावर. ठाण्यात अजून ओळखतात मला, मी स्वतः नेऊन दाखवते."

रूबेननं पावती फाडली नाही. निघताना त्यानं डूलही परत दिले, आणि ते आईच्या हातावर ठेवताना तो दुसरीकडेच बघत होता. तरी ठाण्यात त्याची तक्रार द्यायची हे केझियानं तेव्हाच नक्की केलं.

५

मुलीचं नाव मान्सा. वाटेत ती केझियाच्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, "भूक लागली."

खाडीकाठच्या एका झोपडीपुढे एक बाई घमेल्यात मका धूत होती. केझियानं हाक मारली, "केंके आहे का गं? पोर कालपासून उपाशी आहे."

"आज नाही हो, ताई. हा मका आत्ता भिजत घालतेय. दोन दिवसांनी दळायचा, मग पीठ आंबू द्यायचं, मग वळायचं. खायला पुढचा आठवडा उजाडेल." बाईनं घरातून भाताची थाळी आणून मान्सापुढे ठेवली. केझियानं पाकीट काढलं तर म्हणाली, "राहू द्या. लेकरू आहे."

मान्सा जेवत होती, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि केझिया घमेल्यातल्या मक्याकडे बघत उभी होती.

केंके आज मनात आलं आणि आज झालं, असं होत नाही. किती विकायचं ते आठवड्याच्या सुरुवातीला, मका भिजवतानाच ठरतं. शुक्रवारी गर्दी नव्हती. मग टोपली भरून उरायला हवी होती. उलट सकाळीच संपली. म्हणजे ती भरलेलीच नव्हती.

पाटी बघून सगळं गाव शुक्रवारी चकित झालं होतं. पण शुक्रवारी माणसं येणार नाहीत, हे एका बाईला सोमवारीच ठाऊक होतं.

६

एवुरामा परसात चुलीपाशी होती. केझिया तिच्यासमोर पाटावर बसली.

"मला चकवलंस तू मघाशी. नुकसान कोणाचं झालं बघ म्हणालीस, आणि मी तेच बघत बसले. या आठवड्यात मका कमी भिजवलास ना?"

एवुरामाचा हात डावावर थांबला.

"आणि पाटीतून फायदा कोणालाच नव्हता," केझिया म्हणाली. "ना नाव, ना नंबर, आणि दर असा की रूबेनलाही लाज वाटावी. पैसे घेऊन माणूस आला, तर घ्यायला कोणी नाही. फाटकाशी त्याला कोण भेटलं? तिथे तूच बसतेस. पैसे मिळवायला ती पाटी नव्हतीच, एवुरामा. माणसं परत जावीत म्हणून होती. का, तेवढं फक्त मला कळत नाही."

"आजीचे पाय बघितलेस?" एवुरामानं विचारलं.

केझियाला ते कापड आठवलं. उशांचा ढीग, शब्दाशब्दाला अडणारा श्वास. ज्याला ती अपमानाचा धक्का समजली होती ते आजारपण होतं. पोलिसातली नजर म्हणे!

"सुजून भोपळे झालेत," एवुरामा म्हणाली. "आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून बसून झोपते. न्हाणीत पडली होती. नर्स म्हणाली, हृदय दमलंय, उभं राहणं बंद, केप कोस्टला दाखवा. तर शुक्रवारी पुन्हा दिवसभर उभी! मी पाया पडले, भांडले. मला काय म्हणते, माझ्या जिवासाठी फाटक लावलंस तर तोंड बघणार नाही. कोणाला सांगणार नाही आणि फाटक लावणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली मला." तिनं पदरासारखा कापडाचा शेव डोळ्यांना लावला. "आत्ता तुला सांगेपर्यंत मी शपथ मोडली नाही, ताई. फाटक सताड उघडं ठेवलं आणि पाटी लावली. म्हटलं, एक शुक्रवार तरी बसू दे हिला. आक्रावाला आला त्याला सांगितलं, बाबा, तुझ्या पैशांनी इथे काही मिळायचं नाही, पुढच्या शुक्रवारी असाच ये."

"तिचं नाव जाईल हे नाही सुचलं?"

"नाव काय गं, नाव परत मिळतं. मी समुद्रात चालत निघाले होते, तेव्हा हिनं गळ्याइतक्या पाण्यात येऊन मला ओढून काढलं. पोहता येत नाही हिला. माझ्याकडून तिनं आजवर काय घेतलंय? दोन घास. मला तिला काहीतरी द्यायचं होतं."

एवढ्यात मान्सा आईचं बोट धरून परसात आली. पायाला दोरीचा वळ होता. केझियानं एवुरामापासून काही लपवलं नाही. कुठून आणली ते सांगितलं.

एवुरामा उठली, मान्साच्या पायापाशी जाऊन बसली आणि तो वळ दोन्ही हातांनी धरून हमसाहमशी रडली. मग मान्साच्या आईला म्हणाली, "मला मार. माझ्यामुळे झालं हे."

मान्साच्या आईनं मान्साला जवळ ओढलं. मग तिनं विचारलं, "म्हातारी खरंच आजारी आहे?" एवुरामानं मान हलवली. "मग आधी तिला दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "माझं नंतर बघू."

७

रविवारी पंचांपुढे केझियानं सगळं सांगितलं. एवुरामा मान खाली घालून उभी होती. अध्यक्षांनी कुलूप टेबलावरून उचलून खिशात घातलं आणि आजीला विचारलं, "हिचं काय करायचं? तुमचं नाव घालवलंय हिनं."

आजी आधी भडकली. "शपथ घेतली होतीस ना गं? मला वेड्यात काढलंस? ती पोर बांधली गेली तिकडे, माझं फाटक तिला बंद झालं..." श्वास पुरेना, तशी थांबली. एवुरामा धावत जाऊन तिच्या पाठीशी उशी सरकवू लागली. आजी तिच्याकडे बघत राहिली.

"मका किती कमी भिजवलास?" तिनं हळूच विचारलं.

"निम्मा."

"मग आता आठवडाभर तू काय खाणार?"

एवुरामा उशीच नीट करत राहिली. आजीनं तिचं डोकं जवळ ओढलं आणि त्यावर हात ठेवला. "मी लोकांना असंच देत आले," ती पंचांना म्हणाली. "मला कोणी असं दिलं की ते घेववत नाही. हा माझाच ताठा. हिला काही बोलू नका."

मग बरंच ठरलं. फी नाही ती नाहीच, पण पत्रा आणि दिवा यापुढे मंडळी बघणार. जोएल म्हणाला, "हे मी दहा सेडी म्हणालो तेव्हाच ठरलं असतं तर!" आणि सगळे हसले. आजी बरी होईस्तोवर शुक्रवारी डोक्यांवर हात तोच ठेवणार होता. आजी कशानं पडून आहे, हे त्यानं घरोघर जाऊन सांगायचं होतं. संध्याकाळपर्यंत प्रार्थनाघराच्या ओट्यावर रताळी, अंडी, मासळी यांचा ढीग पडला. मच्छीवाली स्वतः सुरमई घेऊन आली. आजी पहिल्यांदाच नको म्हणाली नाही. म्हणाली, "एवढं शिजवणार कोण?"

सोमवारी सगळी केप कोस्टला निघाली. गच्च भरलेल्या ट्रोट्रो व्हॅनमध्ये खिडकीशी आजी, तिच्याशेजारी केझिया, मागच्या बाकावर मान्सा, तिची आई आणि मांडीवर डबे घेतलेली एवुरामा. मान्साच्या फिटांवरही तिथे गोळ्या मिळतात, असं नर्सनं सांगितलं होतं.

गाडी हायवेला लागली तशी आजी कुजबुजली, "पोरी, मला भीती वाटते."

"कशाची?"

"सुईची." ती कसनुसं हसली. "तू प्रार्थना कर माझ्यासाठी."

"मी? मला कुठे येते!"

"येत नाही म्हणूनच कर. येणाऱ्यांच्या पुष्कळ ऐकल्यात मी."

केझियानं घसा साफ केला. हात कुठे ठेवायचा ते कळेना, तेव्हा आजीच्या गुडघ्यावर ठेवला. "देवा," ती ठाण्यात जबाब द्यावा तशा आवाजात म्हणाली, "ही एसुऑन. राहणार एन्सुआनो. हिनं माझ्या बहिणीला बोलतं केलं. मागे बसलीय तिला समुद्रातून काढली. असे किती असतील, ते तुला माहीत. कोणाचं काही घेतलं नाही हिनं. मी इतकी वर्षं आभारही मानले नव्हते, ते आज मानते. हिचे आणि तुझेही. हिला अजून थोडी आमच्यात राहू दे. आणि सुई दुखू देऊ नकोस."

गाडीतली बडबड कधी थांबली ते तिला कळलंच नव्हतं. "आमेन," मागून एवुरामा म्हणाली, आणि मग सगळी ट्रोट्रो एका सुरात म्हणाली, "आमेन!"

पुढच्या बाकावरच्या टोमॅटोवाल्या बाईनं वळून पाहिलं. गाड्यांमधून प्रार्थना सांगून पैसे मागणारे तिनं रोज पाहिलेले. तिनं कनवटीचं नाणं सोडलं आणि केझियापुढे धरलं. "छान सांगितलंत हो. घ्या."

केझियाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "नको नको, मावशी! ठेवा ते. मी... माझंच देणं होतं."

तशी आजी हसायला लागली. श्वास अडत होता तरी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मान्सानं मागच्या बाकावरून डोकं पुढे काढलं आणि काय झालं म्हणून विचारलं. सांगायला कोणाला सुधरत नव्हतं.